बाच्या तोंडी उरलेली मोजणी

आमचा बा मापारी होता. देऊळघाटात आणि आसपासच्या शिवारात ज्याच्या खळ्यात ज्वारीची रास पडे, तो बाला बोलावणं धाडी. बाजारात तेव्हा किलोची वजनं येऊन बसली होती, त्यांच्यावर सरकारी शिक्काही होता, पण खळ्यात अजून लाकडी पायलीचंच राज्य होतं. बा एक गुडघा टेकून राशीपुढे बसे, पायली खुपसून भरे, तळव्यानं शीग सारखी करी आणि घेणाऱ्याच्या पोत्यात ओती. हे सगळं होईस्तोवर त्याचं तोंड थांबत नसे. पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, ही रीतच. म्हणून “लाभ रे लाभ, लाभ रे लाभ, लाभ रे लाभ” असं तो पायली ओतून रिकामी होईस्तोवर म्हणत राही. दुसरी भरायला घेतली की “दोन रे दोन, दोन रे दोन.” लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, खळ्यात भजन चालू आहे आणि बुवाला पुढची ओळ आठवत नाही.

मलाही तसंच वाटे. मी एकदा बाला म्हणालो, “बा, एकडाव म्हटलं तं पुरत नाही काय? तेच तेच काऊन म्हणता?” बा म्हणाला, “आकडा लेकाचा पाऱ्यावानी असते. तोंडात खेळवत ठेवला तं राह्यते, नाही तं घरंगळते.” याचा अनुभव मी त्याला लौकरच दिला. कोणाच्या तरी खळ्यात मी बाची भाकर घेऊन गेलो. मोजणी भरात आली होती. मापाऱ्याशी मोजताना बोलू नये हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तर चांगला मिसरूड फुटलेला, बुलढाण्याच्या हायस्कुलात जाणारा. पण मायनं दोन डब्या दिल्या होत्या आणि माझ्यापुढे मोठा प्रश्न उभा होता. मी विचारलं, “बा, ठेचा खासान का जवसाची चटणी?” बा सवयीनं म्हणाला, “चटणी.” आणि थांबला. पायली हातात तशीच. तोंडातला आकडा गेला होता. खळेवाला म्हणाला, “चटणी रे चटणी, चटणी रे चटणी! आता चटणीच्या पुढं काय येते ते तुह्या पोरालेच इचार.” सगळी पोती पुन्हा ओतली, पुन्हा मोजली. भाकरीबरोबर त्या दिवशी मला जे मिळालं त्यात ठेचाही होता आणि चटणीही.

आज माझं तसंच होतं. मोबाईलवर बँकेचे आकडे येतात, ते चष्मा लावून वाचायचे आणि दुसरीकडे टाकायचे. मी तोंडातल्या तोंडात घोकत निघतो आणि अर्ध्यात बायको विचारते, “कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?” गेले आकडे! माझी एक पुतणी वाचा गेलेल्या माणसांवर उपचार करते. ती सांगते, ऐकलेला आवाज मेंदूत क्षणभरच टिकतो, मग विरतो. माणूस तो आतल्या आत पुन्हा पुन्हा म्हणतो तेव्हा ताजा राहतो, आणि मध्ये दुसरा आवाज घुसला की पहिल्याची जागा जाते. मी तिला म्हटलं, “बाई, यासाठी तू पुण्याला जाऊन इतकी वर्षं घातलीस? एका चटणीत झालं असतं.”

असो. मला सांगायचं आहे ते बाच्या वाचेचं.

आमच्या बाईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्नाचं पाहणं चाललं होतं. नाव सुभद्रा, पण घरात आम्ही बाई म्हणत असू. ती कमी बोले. तिच्या वाटचं बोलणं देवानं मला दिलं होतं, असं माय म्हणे. बीबीहून एक स्थळ आलं होतं. बागायत, दोन विहिरी, खाऊन पिऊन सुखी, पण मुलगा बिजवर. पहिली बायको गेलेली, तिचं एक लहान पोर मागे. मायच्या मनात होतं आणि नव्हतं. काका, म्हणजे बाचा धाकटा भाऊ, विहिरींवरच खूश होता. बा म्हणाला, “घर पाहून येतो. माणसं पाहून येतो. मंग बोलू.” धुतलेलं धोतर नेसून तो एस.टी.नं बीबीला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतला तेव्हा माय वावरात होती, मी शाळेत होतो. घरी बाई एकटी. बानं ओसरीवर टेकत पाणी मागितलं, पाणी प्याला, आणि तांब्या हातातून सुटला. बाई धावत वावरात गेली तेव्हा तिनं मायला एवढंच सांगितलं, “बानं पाणी मांगतलं आन् पडला.” उजवं अंग गेलं होतं. तोंड वाकडं झालं होतं. बैलगाडीत गादी घालून त्याला बुलढाण्याला नेला. डॉक्टर भला माणूस. तो म्हणाला, अंग थोडंबहुत येईल, वाचेचं सांगता येत नाही.

घरी आणल्यावर बा नुसता बघत राही. आपण बोललेलं त्याला कळे. माय रडायला लागली की डावा हात उचलून तिच्या हातावर ठेवी. बोलायला तोंड उघडी, ओठ हलत, आणि बाहेर काही नाही. आम्ही त्याच्या तोंडाकडे असे बघत बसू, जशी आटलेल्या विहिरीत बादली सोडून माणसं दोर हलवत बसतात. मग एका सकाळी मी त्याला चहा पाजताना सगळा चहा त्याच्या छातीवर ओतला. आणि बा, ज्याला महिनाभर ‘अं’ म्हणता आलं नव्हतं, तो खणखणीत ओरडला, “रांडीच्या!”

घरात दिवाळी झाली. माय चुलीपुढून धावत आली, तिनं देवापुढे गूळ ठेवला, शेजारीपाजारी वाटला. “काय झालं व?” “ह्याच्या बानं याले शिवी देली!” लोक मला आशीर्वाद दिल्यासारखे पाठीवरून हात फिरवत. पुढचे काही दिवस घरच्यांनी मला मुद्दाम चुका करायला लावल्या. मी बाच्या अंगावर ताक सांडलं, त्याच्या दुखऱ्या पायाला खाट आपटली, त्याच्या डोळ्यांदेखत शेळीला वैरणीऐवजी त्याची टोपी दिली. शिवी प्रत्येक वेळी स्वच्छ यायची. पण शिवीपुढे एक अक्षर नाही. “आता म्हणा, दिगांबर,” माय म्हणे. बा ओठांशी झुंजे, घाम येई, आणि डोळ्यांतून पाणी. माझं नाव त्याला येत नव्हतं. माझी योग्यता मात्र येत होती.

एवढ्यात बीबीहून निरोप आला. मापाऱ्यांनी आमच्या ओसरीवर शब्द दिला आहे, आजारपणामुळे थांबलो, आता सुपारी फोडायला येतो.

घर हादरलं. शब्द दिला असेल तर मोडायचा नाही, हे आमच्या घरात चुलीइतकं पक्कं होतं. मापाऱ्याचा शब्द खोटा ठरला तर त्याची पायलीही खोटी. पण दिला का? बानं तिथं काय पाहिलं, काय ठरवलं, हे एकट्या बाला ठाऊक, आणि बाच्या तोंडाला कुलूप. काका त्याच्यापुढे बसला. “दादा, बीबीवाल्याईले शब्द देल्ला का तुमी?” बानं मान डोलावली. काका म्हणाला, “झालं! देल्ला.” माय म्हणाली, “थांबा. अवो, शब्द नाही ना देल्ला?” बानं तितकीच मान डोलावली. “आज सोमवार हाय?” डोलावली. “मी तुमची सासू हाय?” डोलावली. माय पदरात तोंड घालून हसली आणि तशीच रडायला लागली. बासुद्धा चिडून डाव्या हातानं खाट बडवत होता. नाही म्हणायला त्याची मान आडवी जातच नव्हती. बाई दाराआड पीठ चाळत होती. चाळणीचा आवाज मध्ये थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

मग मला वाटलं, देवानं शहाणपण वाटलं तेव्हा मी रांगेत पुढे होतो. मी माळ्यावरून बाची पायली काढली. परातीत ज्वारीचा ढीग केला आणि पायली त्याच्या डाव्या हातात दिली. बानं ती चाचपली, खुपसली, कशीबशी भरली. आणि त्याच्या गळ्यातून जुना आवाज आला, “लाभ रे लाभ, लाभ रे लाभ.” दोन आलं. तीन आलं. एकही आकडा चुकला नाही. गल्ली जमली. बा तीच ज्वारी या परातीतून त्या परातीत मोजत होता आणि लोक खळ्यात कधी बसले नव्हते इतके शांत बसले होते. पण मी चार बोटं दाखवून “बा, किती?” विचारलं तेव्हा तो गप्प. त्याला चार नुसतं सापडत नव्हतं. त्याला लाभपासून जिना चढत यावं लागे, आणि चारवर पाय थांबत नसे, पाचवर जाई. मोजणी त्याच्या मालकीची उरली नव्हती. तीच त्याला धरून नेत होती.

हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मला युक्ती सुचली होती, आणि युक्ती सुचलेल्या माणसाला दुसरं काही कळत नाही. मी सगळ्यांना बसवलं आणि बाला समजावलं, “बा, शब्द देला नसन तं लाभवर थांबा. देला असन तं दोनवर थांबा. समजलं?” बानं मान डोलावली, ती तर तो डोलावणारच. पायली दिली. “लाभ रे लाभ, लाभ रे लाभ...” माय ओरडली, “नाही देल्ला! नाही देल्ला!” “दोन रे दोन...” काका मांडी थोपटून म्हणाला, “देल्ला!” “तीन रे तीन...” सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका म्हणाला, “तीन म्हणजे काय बे, मास्तर?” बा थांबेना. त्याचे डोळे माझ्याकडे लागले होते, आणि त्यांत जे होतं ते मी अजून विसरलो नाही. पाण्यात वाहत जाणारा माणूस काठावरच्या माणसाकडे बघतो तसं. तोंड पुढे पुढे जात होतं आणि तो मागे राहत होता. मी त्याच्या हातातली पायली काढून घेतली तेव्हा कुठे आवाज बंद झाला. त्या दिवशी कोणी जेवलं नाही. मायनं केलेली अंबाडीची भाजी शेळीनं खाल्ली.

पाहुणे आले. मुलाचा चुलता आणि सोबत दोन माणसं. चुलता उंच, पिकल्या मिशांचा, खांद्यावर कोरं उपरणं. बाची अवस्था बघून तो खरोखर गलबलला. जवळ बसून म्हणाला, “मापारी, काय झालं हे? आमच्या वसरीवर किती हासत बसला होता तुमी.” मग काकाकडे वळला. “बघा, मी खोटं बोलनार नाही. मी इचारलं, पोरगी देता का? यांनी माझा हात धरला आन् व्हय म्हनले. पन तुमच्या मनात किंतू असल तर मला बी जबरीची सोयरीक नको.”

काका म्हणाला, “आमचा इश्वास हाय तुमच्यावर. पन दादाच्या तोंडून...”

“तोंड नाही तर नाही. मापाऱ्याला तोंड कशाला लागतं?” पाहुण्यानं खांद्यावरचं उपरणं काढून बाच्या पुढ्यात पसरलं. “एक पायली यात ओता म्हना. शब्द दिला असल तर वततील. नसल दिला तर नाही. माप एकदा दुसऱ्याच्या पदरात पडलं की दिलं, हे त्यांच्यापरीस कोनाला जास्त ठावं?”

माझ्या युक्तीपेक्षा ही शंभरपट सरळ होती. मोजणीला थांबवायचं नव्हतं, फक्त एकच पायली. काकानं ती शिगोशीग भरून बाच्या डाव्या हातात दिली. बानं एकवार उपरण्याकडे पाहिलं. तोंड चालू झालं, “लाभ रे लाभ, लाभ रे लाभ.” हात उचलला. भरली पायली डाव्या हाताला जड, थरथरायला लागली, कडेनं दाणे सांडायला लागले. मला उठावंसं वाटत होतं, पण मी आधीच एवढे दिवे लावले होते की काकानं माझा शर्ट धरून ठेवला होता.

तेवढ्यात आतून बाई आली. पाहुण्यांसमोर, ओसरीवर, कोणी न बोलावता. पदर डोक्यावरून घेतलेला. ती बाच्या पुढ्यात बसली आणि हेलकावणाऱ्या पायलीच्या बुडाला तिनं दोन्ही हात लावले. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “पोर गुनाची हाय,” तो सोबतच्याला म्हणाला. “लाभ रे लाभ,” बा म्हणत होता. उपरणं वीतभर अंतरावर होतं. पायली हवेत. “लाभ रे लाभ.” बा बाईकडे बघत होता आणि बाई पायलीकडे. खालचे दाणे टिपायला चिमण्या ओसरीच्या कडेपर्यंत आल्या तरी कोणी हलेना. बाचा आवाज हळू होत गेला, मग नुसते ओठ हलू लागले, आणि त्यानं पायली आपल्याच मांडीवर टेकवली.

पाहुण्यानं उपरणं उचललं, झटकलं, खांद्यावर टाकलं. “मंग माझीच समजूत चुकली म्हना,” तो म्हणाला. “हात धरला होता खरा. पन मानूस दुसऱ्याला बरं वाटावं म्हनून बी हात धरतो.” मायनं त्यांना चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. चहात साखर घालायची राहिली होती. त्या माणसांनी तसाच गोड मानून घेतला.

बा त्यानंतर काही वर्षं जगला. पाच-सात शब्द परत आले. ‘भाकर’ आला, ‘माय’ आला, माझं नाव आलं नाही. बीबीचं त्याला पुन्हा कोणी विचारलं नाही. बाईचं लग्न शेगावला भांड्यांच्या दुकानवाल्याकडे झालं. मी मास्तर झालो आणि ही गोष्ट माझ्या गाठोड्यातली सर्वांत चांगली गोष्ट झाली. वाचा गेलेला बाप, पण लेकीसाठी पायली न ओतता ‘नाही’ म्हणणारा! शाळांतून, लग्नघरांतून, गाडीत अनोळखी माणसांना मी ती सांगितली. लोकांचे डोळे ओले होत, माझे तर सांगण्याआधीच होत.

परवा शेगावला बाईकडे गेलो होतो. आता ती बरीच वाकली आहे, पण पिठलं अजून स्वतःच घोटते. तिच्या नातवंडांना मी हीच गोष्ट सांगितली, थरथरत्या हाताच्या अभिनयासकट. पोरं खेळायला पळाली. बाई पिठल्यात पळी फिरवत होती. म्हणाली, “सांगतो मोठा झाक. पन बानं शब्द देल्ला होता.”

“कोण म्हणते?”

“बाच म्हणे. पाणी प्याला आन् म्हणे, देऊन आलो व बाई तुले, माणसं चांगली हायेत. मंग तांब्या पडला.”

मी पाटावरून अर्धा उठलो. “आन् तू सांगतलं नाही? घर सारं येडं झालं होतं त्या एका शब्दापायी! आम्ही बाच्या तोंडात बोटं घालत होतो!”

“मले इचारलं काय कोणी?”

पिठलं रटरटत होतं. तिनं जाळ कमी केला. मी माझ्या गोष्टीचा उरलेला तुकडा तरी वाचवावा म्हणून म्हणालो, “पन पायली त्यानं ओतली नाही ना! शेवटी त्याचा इचार बदललाच ना?”

“ओतत होता नं बे. मी बुडाखाली हात कायले लावले होते? मी धरून ठेवली.”

उजवं अंग गेलेला माणूस, वाचा गेलेली, उरला एक हात, आणि तोही लेकीनं धरून ठेवलेला. मी विचारलं, “जोर लावत होता का?”

बाईनं पळी पातेल्याच्या काठावर ठेवली.

“पह्यले लावला,” ती म्हणाली. “मंग माह्या तोंडाकडे पाह्यलं, आन् नाही लावला.”